विमानाला हरकत नाही

माझ्या नातीची गणिताची एक वही आहे. पुढून सातचा पाढा, आठचा पाढा, बाईंची लाल शाईतली सही. मागून उलटी धरली की आमच्या हरकती, विमानतळाभोवती येणार म्हणतात त्या पार्कांवरच्या. गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की ती वही निघते. लिहिणारा मी, कारण घरात त्यातल्या त्यात माझं अक्षर बरं. सांगणारी माझी थोरली बहीण, अक्का, वय 74. आणि खोडणारी माझी भाची. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आम्ही लिहिलेलं निम्मं तिला पटत नाही.

आमचं शेत बेळगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सांबरा विमानतळाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पूर्व भागातल्या माणसाला ते तसंही कळेल. एक एकर बावीस गुंठे. खालच्या अंगाला भात, वरच्या अंगाला जोंधळा, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर हरभरा. मी काही जन्मभराचा शेतकरी नव्हे. एकोणतीस वर्षं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सँड लॅबला होतो, साच्याची वाळू तपासायला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे कारखाने नकोत, विकास नको असलं काही मी बोललो तर आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा हसतील. घराचा स्लॅब, मुलाचं इंजिनीअरिंग, अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं ओतकामाच्या पगारावर झालंय.

"नोटीस न्हाई, कागद न्हाई, आणि हरकती कसल्या लिहूलाय?" असं परवा शेजारच्या बांधावरनं विचारणा झाली.

प्रश्न बरोबर आहे. आमच्या हातात आज एकही कागद नाही. चहाच्या टपरीवर मात्र रोज एक नवा शब्द ऐकू येतो. लॉजिस्टिक पार्क, एअरोस्पेस पार्क, बिझनेस पार्क. धावपट्टी आणखी लांबणार, असंही. परक्या नंबरप्लेटच्या गाड्या बांधाशी थांबतात, आतला माणूस काच खाली करून "ही जमीन कुणाची?" एवढंच विचारतो आणि उत्तर ऐकून न थांबता जातो. अशा गाड्या मी बेळगावच्या रिंग रोडच्या वेळी पाहिल्यात. त्या वेळी बत्तीस गावांत एकच धावपळ झाली होती. कुणाच्या उताऱ्यावर 1978 साली वारलेले आजोबा, कुणाच्या उताऱ्यावर नांदायला गेलेली आत्या, नकाशा कुणाकडे आहे, वकील कुठला धरायचा. वारसा चढवण्यातच दिवस संपायचे. केआयएडीबीची, म्हणजे उद्योगांसाठी जमीन घेणाऱ्या कर्नाटकच्या सरकारी मंडळाची, वाट 1966 च्या कायद्याची, त्याच्या 28 व्या कलमाखाली नोटीस आली की म्हणणं मांडायला तीस दिवस. पर्यावरणाची जनसुनावणी लागली तर तिथेही तीस दिवसांचीच पूर्वसूचना. तीस दिवसांत माणूस चिडतो, दमतो, दोन मोर्चे काढतो. विचार करून, मोजून-मापून चार पानं लिहायला तेवढे दिवस पुरत नाहीत. म्हणून आधीच लिहितोय.

पहिली हरकत अक्काने सांगितली आणि भाचीने लगेच खोडली. "आमची हीर आधीच त्यांच्याकडं हाय. ती परत द्या म्हण."

ती विहीर मी पाहिलेली नाही, अक्कानेही पाहिलेली नाही. इंग्रजांच्या हवाई दलाने 1942 मध्ये सांबऱ्याला धावपट्टी पाडली, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी प्रशिक्षण द्यायला. त्यात आजोबांचा एक तुकडा गेला, विहिरीसकट. विहीर बुजवायला चार दिवस मुरूम ओतत होते, असं आजी सांगायची. तिच्या सांगण्यात ती विहीर दर वेळी एक परस, म्हणजे पुरुषभर, खोल व्हायची. शेवटी शेवटी तर आठ परस झाली होती आणि तिच्यात कासव होतं. आता ती नेमकी कुठे होती, धावपट्टीखाली की हवाई दलाच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलच्या आवारात, हे दाखवणारं कुणी उरलेलं नाही. भाची म्हणाली, हे हरकतीत चालणार नाही मामा, ऐंशी वर्षं उलटून गेली. मग अक्का तिच्यावर रुसली आणि दोन दिवस वही निघालीच नाही.

तर विमानतळ आमच्याआधीपासून आहे हे मान्य. मधली बरीच वर्षं तो झोपलेलाच होता. मग 370 एकर नवी जागा मिळाली, धावपट्टी 1,830 मीटरची 2,300 मीटर झाली, 14 सप्टेंबर 2017 ला नवं टर्मिनल उघडलं. 'उडान' या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमानयोजनेमुळे 2019 पासून विमानं वाढली. नंतर वैमानिक घडवणाऱ्या शाळा आल्या. 10 मार्च 2024 ला आणखी मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली, पंतप्रधानांनी दूरूनच केली. दर वेळी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला, दर वेळी मी तो कापून ठेवला. मला विमानं आवडतात, हे लपवण्यात काय अर्थ?

आणि उपयोगही झालाय. 2019 च्या ऑगस्टात आमची मंडळी दवाखान्यात होती. महापुराने कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला, तालुक्यात सगळीकडे पाणीच पाणी. मुलगा हैदराबादहून विमानाने आला. सांबऱ्याला उतरल्यावर दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो आईबद्दल काहीच बोलला नाही, घाबरला होता. रात्री म्हणाला, "बाबा, वरनं आपलं शिवार म्हणजे नुसता तलाव. बांध तेवढे दिसत होते, चौकटीच्या वहीसारखे."

ते चौकटीच्या वहीचं माझ्या डोक्यात राहिलं. हरकतींतलं सगळ्यात लांब पान त्यावरच आहे.

सँड लॅबला आमचं काम असं. वाळू घ्यायची, रॅमर म्हणजे ठोकायच्या वजनाखाली तीन ठोके द्यायचे, 50 मिलिमीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाचा ठोकळा तयार होतो. मग त्यातून 2,000 घनसेंटिमीटर हवा किती वेळात पार होते ते बघायचं. त्याला पर्मिएबिलिटी म्हणतात. साचा श्वास घेत नसेल तर ओतलेल्या लोखंडातला वायू बाहेर पडत नाही आणि कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ब्लो होल म्हणजे पोकळ भोक पडतं. हे मी एकोणतीस वर्षं दिवसातून आठ वेळा केलं. एकदा, साहेब सुट्टीवर असताना, डब्यातून आमच्या शेतातली माती नेली होती. वरच्या अंगाच्या जोंधळ्याच्या मातीतून हवा सावकाश का होईना जात होती. चिखलणी केलेल्या भाताच्या मातीचा ठोकळा लावला तर काटा हलेना. पाच मिनिटं उभा होतो. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन खराब झालं काय?"

मशीन चांगलं होतं. भाताच्या वाफ्याचं कामच ते आहे, पाणी धरून ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. एक एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर. बांधाला चार बोटं पाणी, म्हणजे सरासरी दहा सेंटिमीटर धरलं, तरी एकरी चार लाख लिटर होतं. शंभर एकर भाताची शेतं म्हणजे चार कोटी लिटरचं धरण. भिंत नाही, दरवाजे नाहीत, उद्घाटन नाही, दरवर्षी आषाढात आमच्या बायका-पोरं ते पुन्हा बांधतात. शंभर एकरांवर पार्क उभं केलं की हे धरण फुटलं असंच धरायचं. पाणी पडायचं थांबत नाही, फक्त थांबायची जागा जाते.

उलट बाजूचा हिशेबही वहीत आहे. धावपट्टी 2,300 मीटर लांब, 45 मीटर रुंद, म्हणजे दहा हेक्टरांहून थोडी जास्त. तिच्यावर एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला, आणि असे दिवस आमच्याकडे जुलैत काही विशेष नव्हेत, तर नुसत्या धावपट्टीवरून जवळजवळ 52 लाख लिटर पाणी खाली येतं. टॅक्सी-वे, एप्रन म्हणजे विमानं उभी करायची फरशी, पार्किंग, रस्ते वेगळे. पार्काची पत्र्याची छपरं आणि काँक्रीटचे रस्ते त्याहून वेगळे. हे पाणी कुंपणाखालच्या मोऱ्यांतून येतं आणि मोरीचं तोंड ज्याच्या बांधाला, त्याचं नशीब. आमच्या खालच्या वाफ्याचा बांध गेल्या पाच वर्षांत तीनदा फुटला. त्याचं खापर मी पूर्ण विमानतळावर फोडत नाही. एकदा तर खेकड्यांनीच पोखरला होता.

शहराच्या दक्षिणेकडच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. बळ्ळारी नाल्याने येळ्ळूर, वडगाव, शहापूर, हलगा भागातल्या भाताचं दर पावसाळ्यात काय होतं ते बघायला लांब जावं लागत नाही. नाला पूर्वीचाच आहे. त्याच्या काठचं शहर वाढलं, गाळ काढणं राहिलं, पाणी यायचा वेग वाढला. तिथल्या बेळगाव बासमतीचा तो वास आता पिशवीवरच्या छापील नावात जास्त आणि ताटात कमी. त्याच भागातल्या शेतकऱ्यांनी हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आम्ही पूर्व भागातले त्या वेळी काय करत होतो? पेपरात वाचत होतो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ही वहीत नाही. वापरून जळालेली काळी वाळू कारखान्यातून रोज निघायची. ती कुठे टाकायची, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, आणि ट्रॉलीच्या चिठ्ठीवर सही माझी असायची. रस्त्याकडेचे खड्डे, जुन्या खाणी, नाल्याचा काठ. 'भराव' असं आम्ही त्याला म्हणायचो. पहिल्या पावसात तिथून निघणारं काळं पाणी मी बघितलेलं आहे आणि स्कूटर न थांबवता पुढे गेलेलो आहे. तेव्हा औद्योगिक वसाहत उभी राहताना कागदावर जे 'शून्य प्रदूषण' लिहितात ते दहा वर्षांनी कुठल्या नाल्यात सापडतं, याची मला पुस्तकातून माहिती काढावी लागत नाही.

आता भाचीचं पान. हे तिने स्वतः लिहिलंय, निळ्या पेनाने, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या पानांपेक्षा हेच भारी आहे.

पर्यावरण परवानगीची अधिसूचना 14 सप्टेंबर 2006 ची. (टर्मिनलच्या उद्घाटनाची तारीख तीच निघाली म्हणून आम्ही दोघं हसलो.) तिच्या यादीत विमानतळ 7 (अ) मध्ये येतो, औद्योगिक वसाहती आणि पार्क 7 (क) मध्ये, आणि 20,000 चौरस मीटरांच्या वरची बांधकामं 8 मध्ये. तीन वेगळे रकाने. विमानतळाच्या अर्जात विमानतळापुरतं लिहायचं. पार्क 500 हेक्टरांपेक्षा लहान असेल आणि आत यादीतला एकही उद्योग नसेल तर त्याला वसाहत म्हणून परवानगीच लागत नाही. 500 हेक्टर म्हणजे 1,235 एकर, आमची दोन गावं त्यात मावतील. मोठ्या इमारतींना परवानगी लागते, पण त्यांच्यासाठी जनसुनावणी नाही. आणि एकदा पार्क मंजूर झालं की आत नंतर येणाऱ्या कारखान्यालाही जनसुनावणीतून सूट. रस्ता आणखी वेगळ्या खात्याचा.

"मामा, सगळं कायद्याप्रमाणे होईल," भाची म्हणाली, "आणि तरी सगळ्याचं मिळून पाणी कुठं जाणार हे कुणीच कुणाला विचारणार नाही. कुणाचा रकानाच नाही तो."

आमची मुख्य हरकत ही. वहीत तिच्याभोवती मी दोनदा चौकट काढली आहे. धावपट्टी, टर्मिनल, पार्क, रस्ता, हे सगळं एकाच उतारावर येणार असेल तर त्याचा अभ्यास एकदम करा. एकाच ओढ्यात सोडणार असाल तर ओढा एकदाच मोजा. आम्ही फाउंड्रीत एका कास्टिंगचे चार कोअर, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे भाग, चार जणांनी केले तरी शेवटी साचा बंद करायच्या आधी एक माणूस गेज लावून बघायचा, सगळं मिळून बसतंय का. तो माणूस इथे हवा.

भाचीने मोप्याचा दाखलाही घातला आहे. गोव्याचा हा नवा विमानतळ आम्हाला चोर्ला घाटातून तसा जवळचाच. त्याच्या अर्जात आजूबाजूच्या जंगलाची माहिती नीट दिली नव्हती, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2019 च्या निकालात इतका गंभीर धरला की परवानगीच थांबवली. पुढे 2020 च्या जानेवारीत ज्यादा अटी घालून ती मोकळी केली आणि 2022 च्या डिसेंबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं. मी म्हटलं, मग उपयोग काय झाला? ती म्हणाली, अटी झाल्या. तिच्या वयाला एवढं पुरतं. मला पुरत नाही, पण मी गप्प बसलो, कारण अक्का झोपायला आली होती.

आवाजाबद्दल थोडकंच लिहितो. प्रवासी विमानाचा मला काही त्रास नाही, येतं आणि जातं. त्रास शिकाऊ विमानांचा. ती सकाळपासून डोक्यावर चकरा मारतात, बैल मळणीला फिरावा तशी. 2023 च्या मे महिन्यात त्यातलं एक होन्निहाळजवळ शेतात उतरवावं लागलं, तेव्हापासून अक्का जोंधळ्यात एकटी जात नाही. मी मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं, आठ दिवस आकडे लिहिले, तक्ता केला. भाचीने अख्खं पान खोडलं. "कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठंय मामा? यंत्र बरोबर मोजतंय हे कुणी तपासलंय?" एकोणतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण तिचंच बरोबर होतं, मी असलं रीडिंग कुणाकडून घेतलं नसतं. त्या जागी तिने एवढंच लिहिलं की राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, 2018 च्या नियमांनी कमी वर्दळीच्या विमानतळाच्या आवाज-क्षेत्रात ती दिवसा 65 आणि रात्री 60 आहे, तर आमची घरं नेमकी कोणत्या रेघेच्या आत येतात याचा नकाशा गावात लावा. बस्स.

पाखरांचं मात्र गंमतशीर आहे. हिवाळ्यात जोंधळा हुरड्याला आला की भोरड्या येतात, हजारांनी. एक थवा उठला की शेतावर सावली धावते. अक्का पत्र्याचा डबा बडवते, मी गोफण फिरवतो, आता खांदा दुखतो म्हणून कमी. विमानतळालाही ही पाखरं नको असतात आणि त्यात चूक काही नाही, इंजिनात एक घार गेली तरी केवढ्याला पडतं. 1937 च्या विमान नियमांतला 91 वा नियम तर सांगतो की विमानतळाच्या दहा किलोमीटरांत उघड्यावर जनावर कापू नये, कचरा टाकू नये. आता दहा किलोमीटर म्हणजे शहराच्या वेशीपर्यंत आलं. मुख्य रस्त्याच्या कडेला कोंबडीच्या पिसांच्या पिशव्या, लग्नकार्यालयांमागे उष्ट्या पत्रावळी, आणि वर घारींचा भोवरा, हे रोजचं चित्र. उद्या पार्क आलं की त्याच्यासोबत खानावळी, टपऱ्या, बिर्याणीचे गाडे येणारच, पोटाला कुणी अडवू शकत नाही. मग तो कचरा कोण उचलणार? आमच्या पंचायतीकडे एक घंटागाडी आहे आणि ती बहुतेक वेळा पंक्चर असते.

जमीन द्यायचीच नाही असं घरात सगळ्यांचं एकमत आहे, असा माझा आव नाही. चुलतभावाच्या मुलाला विकायची आहे. शिकलेला आहे, शहरात काम करतो, रोज जाऊन-येऊन करतो. तो म्हणतो, "काका, तुमचं पेन्शन चालू हाय. मला मसुरीच्या पोत्यावर पोरीचं लगीन करायचं हाय काय?" याला वहीत उत्तर नाही. तो देवनहळ्ळीचा दाखला माझ्याच तोंडावर मारतो. तिकडे बेंगळुरूच्या विमानतळाजवळ चन्नरायपट्टण होबळीतली 1,777 एकर जमीन एअरोस्पेस पार्कासाठी घ्यायचं ठरलं होतं. शेतकरी 2022 पासून धरणं धरून बसले आणि 15 जुलै 2025 ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी संपादन सोडल्याचं जाहीर केलं. मी ती बातमी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "पुढचं वाचा की. स्वखुशीनं देणाऱ्याची घेणार, जादा भावानं. मी स्वखुशीचा." तेही खरं, बातमीत होतंच ते.

मी त्याला एकच म्हटलं. विमानाचे भाग तयार करायला विमानतळाला चिकटून जागा लागतेच असं काही नाही. हत्तरगीला 2009 पासून एअरोस्पेसचा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आहे, सांबऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर, महामार्गालगत. होनगा, देसूर, मच्छे, काकती रोडच्या बाजूला आधीच वसाहती आहेत. त्यांतले किती प्लॉट रिकामे, किती नुसते कुंपण घालून भाव वाढायची वाट बघतायत, हे आधी मोजा आणि मग शिवारात या. हे वाक्य त्याला पटलं. जमीन विकायचा विचार मात्र त्याने सोडलेला नाही.

वही पुरी झाली तसा भाषेचा प्रश्न आला. सुनावणी झाली तर अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्यभाषेत, म्हणजे आमच्यासाठी कन्नडमध्ये येणार. अर्ज मराठीत दिला तर तो फाईलमध्ये तसाच पडून राहील अशी मला भीती. सीमाभागात हे रडगाणं जुनं आहे, ते इथे गात बसत नाही, मराठीतही द्यायचाच हे पक्कं होतं. पण कन्नड प्रत हवी. भाचीचं कन्नड शाळेपुरतं. मग मी पलीकडच्या बांधाच्या गौडरमामांकडे गेलो.

गौडरमामांशी आमचं बांधावरून वीस वर्षांचं भांडण. त्यांच्या मते आमचा बांध त्यांच्यात दीड हात सरकलाय, आमच्या मते उलट. मोजणी दोनदा आणली, दोन्ही वेळा मोजणीदार चहा पिऊन "बसून मिटवा" म्हणून गेला. मी वही घेऊन दारात उभा राहिलो तर त्यांनी आधी वहीवरचं माझ्या नातीचं नाव वाचलं, मग मला आत बोलावलं. दोन रात्री बसलो. 'मोरी'ला त्यांनी चटकन शब्द दिला. 'चिखलणी'ला हातवारे करावे लागले. अक्काने सांगितलेला 'वगळ', म्हणजे ओढा, त्यांना कळेना, मी वर्णन केलं तसे म्हणाले, "हळ्ळ! हळ्ळ म्हणा की," आणि मग त्या हळ्ळात लहानपणी त्यांनी धरलेल्या मुऱ्या माशांची गोष्ट सुरू झाली ती अकरा वाजेपर्यंत. शेवटी सही केली. सहीच्या खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: या सहीचा बांधाच्या वादाशी संबंध जोडू नये. भाची ती ओळ वाचून म्हणाली, हा माणूस वकील पाहिजे होता.

एकूण सतरा सह्या झाल्या. चुलतभावाच्या मुलाने केली नाही, पण त्याच्या आईने अंगठा दिला.

गुरुवारी दोन्ही प्रती घेऊन पंचायतीत गेलो. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, मीटिंगला होते, ते नेहमी मीटिंगलाच असतात. क्लार्क ओळखीचा, आमच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, होता त्याचा मुलगा. त्याने पानं उलटली, आकडे बघितले, मधेच "चार कोटी लिटर?" म्हणून माझ्याकडे बघितलं.

"नोटीस तर आलीच न्हाई अजून काका. मग ही कशावर घेऊ?"

"आवकमध्ये घे. पोच दे. बाकी काही नको."

त्याने आवक वही ओढली, क्रमांक घातला, तारीख घातली. विषयाच्या रकान्यात कन्नडमध्ये लिहिलं, विमानक्के आक्षेपणे.

मी म्हटलं, "अरे, विमानाला हरकत नाही आमची. आत वाच की."

"वाचलं काका," शिक्का शाईच्या पॅडवर दाबत तो म्हणाला, "पण रकाना लहान हाय."